नावाआधी उद्गारचिन्ह

आमच्या सरांकडे एखादा कागद मागितला की ते तो देण्यासाठी हात पुढे करत, पण सोडत नसत. आधी विचारत, ‘‘बघायला हवाय की बदलायला?’’ ‘बघायला’ म्हटले तर उठून झेरॉक्स काढून आणत आणि ती देत. ‘बदलायला’ म्हटले तर मूळ कागदच देत. पण मग काम संपेपर्यंत टेबलाशेजारी उभे राहत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी ‘दोन्ही’ असे उत्तर दिले होते. त्यांनी कागद पुन्हा खणात ठेवला आणि म्हणाले, ‘‘ठरलं की या.’’

वागळे इस्टेटमधील आमची कंपनी कारखान्यांतील यंत्रांसाठी नियंत्रक बनवते. कापड रंगवण्याचे यंत्र असो वा गोळ्यांवर साखरेचा लेप चढवण्याचे, किती तापवायचे, किती वेळ ढवळायचे, केव्हा थांबायचे हे आमची पेटी ठरवते. त्या पेटीला सूचना देण्यासाठी कंपनीची स्वतःची एक छोटी संगणकभाषा आहे. ती सरांनी घडवली होती. मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून तेथे रुजू झाले आणि थोड्याच काळात त्या भाषेच्या नव्या आवृत्तीची जबाबदारी माझ्याकडे आली. ही आवृत्ती बाहेर पडली की महिन्याभरात सर निवृत्त होणार होते. जाण्यापूर्वी त्यांना तिच्यात एकच गोष्ट हवी होती, आणि माझा तिला विरोध होता.

ती गोष्ट समजावून सांगायला ते स्वतःच्या पँटचा आधार घेत.

त्यांची राखाडी पँट घोट्यापासून चांगली वर होती. वर्षभर तरी ती तशीच त्यांच्या अंगावर दिसत असे आणि कोणी विचारलेच तर त्यांना आनंद होई. डोंबिवलीतील शिंप्याकडे ते ती घेऊन गेले होते, कापड कोणते आहे हे दाखवायला, कारण तसलीच दुसरी शिवायची होती. पिशवी काउंटरवर ठेवून ‘‘ही जरा बघा’’ म्हणाले आणि निघून आले. शिंप्याकडे लोक ज्या कारणासाठी पँट नेतात ते गृहीत धरून त्याने ती आखूड केली.

‘‘मग तुम्ही त्याला काही बोलला नाहीत?’’ मी विचारले.

‘‘त्याला कशाला? पिशवी तीच, काउंटर तोच, वाक्य तेच. नुसती दाखवायची होती तेव्हा मी असंच म्हणालो आणि कापायची असती तरी असंच म्हणालो असतो. मी काय दिलं, हे मी देताना बोललोच नाही. चूक देणाऱ्याची.’’

‘‘पण तुम्ही ती घालता कशाला?’’ आमच्या गटातील निखिलने विचारले.

‘‘ती आता पँट नाही, माहिती आहे. फेकायची कशी?’’

संगणकाच्या कार्यक्रमात नेमका हाच प्रकार होतो. लांबलचक काम आपण लहान तुकड्यांत विभागतो. त्या तुकड्यांना फंक्शन म्हणतात. एका फंक्शनला आपण एखादी किंमत देतो, समजा तापमान, आणि सांगतो की याचे अमुक कर. हे देणे दोन प्रकारचे असते. एकात फंक्शनला त्या किमतीची नक्कल मिळते. त्याने तिचे काहीही केले तरी आपली मूळ किंमत शाबूत राहते. दुसऱ्यात मूळच त्याच्या हाती जाते आणि ते परत येईल तेव्हा तसेच असेल याची खात्री नसते. आमच्या भाषेत या दोहोंपैकी कोणता प्रकार आहे, हे फंक्शन जेथे लिहिलेले असे तेथे नोंदलेले असे. परंतु ते जेथे वापरले जाई त्या ओळीत दोन्ही प्रकार हुबेहूब सारखे दिसत: फंक्शनचे नाव, कंस, कंसात तापमान. ओळ वाचणाऱ्याने मूळ फंक्शन शोधून काढले तरच त्याला कळणार की आपले तापमान सुरक्षित आहे की नाही. तसे शोधायला कोणी जात नाही.

सरांचा आग्रह असा, की ज्या ओळीत मूळ वस्तू दिली जाते त्या ओळीतच तिच्या नावाआधी उद्गारचिन्ह असावे. चिन्ह नसेल तर नक्कल. चिन्ह विसरले तर भाषेने कार्यक्रम चालवायलाच नकार द्यावा, आणि गरज नसताना घातले तरीही द्यावा.

ते हे कोणालाही सांगत. डोंबिवलीहून ठाण्याला ते कंपनीच्या बसने येत. शीळफाट्याला बस अडकली की इतर लोक मोबाइल काढत आणि सर ग्राहकांच्या कार्यक्रमांचे छापील गठ्ठे काढून त्यात पेन्सिलीने उद्गारचिन्हे घालत बसत. शेजारी बसणाऱ्या हिशेब विभागातील बाईंना त्यातले काहीच कळत नव्हते. तरी काही महिन्यांनी त्या म्हणू लागल्या, ‘‘सर, या ओळीत राहिलं वाटतं.’’ बहुधा राहिलेले असे.

घरीही वेगळे नव्हते. एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेले असता काकूंनी आमटीची पळी त्यांच्यासमोर धरली आणि म्हणाल्या, ‘‘मीठ बघा हो जरा.’’

‘‘कमी असेल तर सांगू की घालू?’’

काकू माझ्याकडे वळल्या. ‘‘ऐकलंस? लग्न झाल्यापासून हेच. पहिल्या वर्षी वाटलं, किती विचारतात मला! आता वाटतं, घाला ना मेलं एकदा न विचारता!’’

‘‘आणि तू पण घातलं असशील तर?’’ सर शांतपणे म्हणाले.

त्यांच्या दाराची एक किल्ली शेजारी असे. तिला अडकवलेल्या पुठ्ठ्यावर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिले होते, ‘झाडांना पाणी. आवराआवर नको.’ काही वर्षांपूर्वी ते दोघे गुहागरला गेले असताना शेजारणीने प्रेमापोटी त्यांचा फ्रिज स्वच्छ केला होता आणि त्यात काकूंचे विरजण गेले होते. शेजारीण त्या पुठ्ठ्याने काही दिवस दुखावली होती. सरांना त्याचे आश्चर्य वाटले. पुठ्ठा तिच्याविषयी नसून किल्लीविषयी होता, असे त्यांचे म्हणणे.

मला ते आवडत. पण आवडणे हा भाषेच्या रचनेतील निकष नव्हे. माझे आक्षेप स्पष्ट होते. पहिला, चिन्ह सक्तीचे केले तर ग्राहकांकडील बहुतेक सगळे जुने कार्यक्रम नव्या आवृत्तीत अडतील. दुसरा, उद्गारचिन्हाचा अर्थ अनेक प्रचलित भाषांत ‘नाही’ असा होतो; नवीन मुले गोंधळतील. तिसरा, चांगले नाव दिले की काम भागते. ‘तापमान सुधारा’ नावाचे फंक्शन तापमान बदलणार, हे कोणालाही कळावे.

‘‘दुसरा आक्षेप खरा आहे,’’ सर म्हणाले. ‘‘दुसरं चिन्ह सुचवा, मी घेतो. पहिलाही खरा आहे. तिसरा चूक आहे.’’

‘‘का?’’

‘‘नाव हे आश्वासन आहे. आश्वासन यंत्राला तपासता येत नाही.’’

आमचे मालक, कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव, या वादाला कंटाळले होते. ते सरांना लहानपणापासून ओळखत, काका म्हणत आणि त्यांच्याशी थेट भांडणे टाळत. मी मधला मार्ग काढला: चिन्ह भाषेत घ्यावे, पण ऐच्छिक ठेवावे. ज्याला हवे तो घालील. मालकांनी लगेच मान्यता दिली. सरांची कित्येक वर्षांची मागणी पदरात पडत असल्याने ते खूश होतील, अशी माझी अपेक्षा होती.

त्यांनी प्रस्ताव वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘‘मग नकोच.’’

‘‘काका, अहो, तुम्हाला हवं तेच देतोय ना!’’ मालक म्हणाले.

‘‘नाही देत आहात. आज चिन्हच नाही, त्यामुळे ओळ वाचणारा निदान संशयात तरी असतो. उद्या काही ओळींवर चिन्ह असेल. मग ज्या ओळीवर नाही, तिथं तो निर्धास्त होईल. आणि ती ओळ लिहिणाऱ्यानं कदाचित कंटाळा केलेला असेल.’’ त्यांनी तो कागद माझ्याकडे सरकवला. ‘‘सक्तीचं होत नसेल तर माझं नाव यातून काढा. आहे ती भाषा बरी.’’

‘‘एवढं काय ताणायचं, सर?’’ निखिल म्हणाला. ‘‘थोडं थोडं करत जाऊ.’’

‘‘सिग्नल अर्ध्या गाड्यांना लागू करून बघा,’’ सर म्हणाले आणि डबा खायला गेले.

युक्तिवाद म्हणून त्यांचे म्हणणे निर्दोष होते. माझा पहिला आक्षेप मात्र त्याने सुटत नव्हता. किती जुने कार्यक्रम अडतील हे ठोसपणे दाखवले की वाद संपेल, असा विचार करून मी एक छोटे साधन लिहिले. जुना कार्यक्रम दिला की ते प्रत्येक फंक्शन तपासून जेथे जेथे मूळ वस्तू दिली जाते तेथे उद्गारचिन्ह घाली. चिन्हांची गर्दी पाहून मालक घाबरतील, हा माझा होरा होता.

याच सुमारास डोंबिवली एमआयडीसीतील एका कापड रंगवणाऱ्या कारखान्याची तक्रार वारंवार येत होती. त्यांच्या एका यंत्रावर कधी कधी कापडाची शेड, म्हणजे रंगाची छटा, ठरल्यापेक्षा गडद निघे आणि सगळा लॉट परत येई. तापमापक बदलला, तारा बदलल्या, पेटी बदलली. मग कारखान्याच्या लक्षात आले की बिघडलेले लॉट बहुतेक एकाच पाळीत निघतात. त्या पाळीवर म्हात्रे नावाचे ऑपरेटर होते. सोनारपाड्याचे राहणारे, पन्नाशीचे, यंत्राजवळून न हलणारे. ठरवलेले तापमान त्यांच्या पाळीच्या शेवटी वाढलेले सापडे. लॉट लवकर उरकावा म्हणून म्हात्रेच गुपचूप आकडा वाढवतात, असा निष्कर्ष निघाला आणि त्यांना यंत्रावरून काढून गाठोडी उचलण्याच्या कामाला लावले. ‘‘मी बटनाला हात पन लावला नाय,’’ ते प्रत्येकाला सांगत. कोणी मानत नव्हते. आम्हीही नाही, कारण पेटी आपणहून आकडा वाढवील, असे आमच्यापैकी कोणाला वाटत नव्हते.

माझे साधन चालवून पाहायला मोठा, जुना कार्यक्रम हवा होता आणि त्या कारखान्याचा समोरच होता. मी तो घेतला. चिन्हे उमटली. बहुतेक अपेक्षित जागी होती. एक मात्र अशा ओळीत होते जिच्यातील फंक्शनचे नाव होते ‘तापमान दाखवा’, आणि कंसात होते यंत्राला ठरवून दिलेले तापमान. दाखवणाऱ्या फंक्शनपाशी उद्गारचिन्ह असण्याचे काहीच कारण नव्हते. मी ते उघडून पाहिले.

पाइपमधील तापमापक खऱ्यापेक्षा किंचित कमी दाखवतो, म्हणून ते फंक्शन पडद्यावर आकडा काढण्यापूर्वी ठरवलेल्या तापमानात अंशाचा एक लहानसा भाग मिळवत होते. मिळवत होते ते नकलेत नव्हे, मुळातच. पूर्वीच्या पेट्यांवर पडदा लॉटच्या आरंभी एकदाच रंगत असे. ती बारीक वाढ कोणाच्या ध्यानात येण्याजोगी नव्हती. या यंत्रावरच्या नव्या धर्तीच्या पेटीचा पडदा थोड्या वेळाने काळा होतो आणि बोट लावले की पुन्हा उजळतो. प्रत्येक वेळी उजळताना ठरवलेले तापमान किंचित पुढे सरकत होते. जो ऑपरेटर पेटीकडे ढुंकून पाहत नसे त्याचा माल उत्तम निघे. जो डोळ्यात तेल घालून पाही, त्याचा बिघडे.

मी सरांना बोलावले. त्यांनी ती ओळ उभ्यानेच वाचली, मग फंक्शन वाचले, मग माझी खुर्ची मागितली.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. मी पडद्यावर ती ओळ दाखवली. मालकांना मुद्दा पटकन कळला, पण त्यांनी वळण वेगळे घेतले.

‘‘म्हणजे हा भाषेचा दोष नाही. कुणीतरी निष्काळजीपणे लिहिलं. दाखवायच्या फंक्शनमध्ये मूळ आकडा कशाला घ्यायचा? काळजीपूर्वक लिहिलं असतं तर चिन्हाची गरजच नव्हती. काका, हे तुमच्या मताच्या विरुद्ध जातंय.’’

निखिलने मान डोलावली. युक्तिवाद चांगला होता; मीही कदाचित तोच केला असता.

‘‘कोणी लिहिलं, विचारा ना,’’ सर म्हणाले.

‘‘कोणी?’’

‘‘मी.’’

खाली पावडर कोटिंगच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सुरू झाला आणि जमीन नेहमीप्रमाणे थरथरू लागली. मालक हसले; त्यांना ती थट्टा वाटली. मग त्यांचे हसणे थांबले.

‘‘तेव्हाच्या पेटीत नक्कल ठेवायला जागा नसे,’’ सर सांगत होते, जणू एखाद्या तिऱ्हाइताविषयी. ‘‘म्हणून मूळच घ्यायचो आणि काम झालं की पुन्हा वजा करायचो. इथं वजा करायचं राहिलं. काल रात्रभर आठवून बघितलं, का राहिलं. आठवत नाही. जेवायला उठलो असेन.’’

‘‘काका, तुम्ही म्हणजे...’’

‘‘तेच सांगतोय. तुम्ही म्हणता काळजीपूर्वक लिहावं. या इमारतीत माझ्याइतका काळजीपूर्वक माणूस तुम्ही पाहिलाय का? लोक हसतात मला. बायको हसते. तरी हे माझ्या हातून झालं, आणि इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे गठ्ठे तपासले, माझं कधी उघडलं नाही. वाटलंच नाही उघडावंसं. नाव ‘दाखवा’ होतं ना.’’ त्यांनी पडद्याकडे बोट केले. ‘‘माझी काळजी पुरली नाही. आता तुमच्याकडे माझ्याहून काळजीपूर्वक कोणी असेल तर चिन्ह नको. नसेल तर सक्तीचं करा.’’

त्यांनी आयुष्यभर एका गोष्टीचा लौकिक मिळवला होता, आणि निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना तो युक्तिवादातील एक पायरी म्हणून वापरून टाकला. मला त्यात त्याग वगैरे दिसला नाही. मला दिसली ती कमालीची नेटकी सिद्धता: सर्वोत्तम उदाहरण घ्या, ते अपुरे पडते हे दाखवा, बाकीच्यांचा विचार करण्याची गरज उरत नाही.

मालकांनी माझ्याकडे पाहिले. ‘‘आवृत्ती तुमची आहे. काय करायचं?’’

‘‘सक्तीचं,’’ मी म्हटले. ‘‘जुने कार्यक्रम अडतील, पण माझं साधन सोबत देऊ. ते चिन्हं घालील आणि ग्राहकाला प्रत्येक चिन्ह वाचून होकार द्यायला लावील.’’

‘‘शिव्या खाव्या लागतील,’’ निखिल म्हणाला.

‘‘फोन माझ्याकडे द्या,’’ सर म्हणाले. ‘‘शेवटच्या महिन्यात मला दुसरं काम काय आहे?’’

आणि खरोखरच त्या महिन्यात ते फोनपाशी बसून राहिले. तारापूर, भिवंडी, वापी; निरनिराळ्या भाषांतील संताप ते ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, ‘‘इतक्या ठिकाणी विचारतंय? मग इतक्या ठिकाणी तुम्हाला माहीत नव्हतं.’’ काही ग्राहकांनी फोन आपटले. काहींनी थोड्या वेळाने पुन्हा केले, आवाज बराच खाली आणून.

परंतु त्याआधी ते डोंबिवलीच्या कारखान्यात गेले. दुरुस्त कार्यक्रम पेटीत चढवण्याचे काम माझे होते. त्यांना यायची गरज नव्हती. कारखान्याच्या व्यवस्थापकाला मी सगळे फोनवर समजावले होते आणि त्याने म्हात्रेंना यंत्रावर परत घेण्याचे कबूलही केले होते. सरांचे म्हणणे पडले की म्हात्रेंना हे व्यवस्थापकाकडून कळणे आणि लिहिणाऱ्याकडून कळणे, यात फरक आहे.

म्हात्रे हात पुसत आले. सरांनी नमस्कार केला आणि प्रस्तावना न करता म्हणाले, ‘‘चूक माझी होती. तुम्ही स्क्रीन उघडून बघत होतात, आणि मी लिहिलेला तुकडा दर वेळी आकडा जरासा पुढे ढकलत होता. तुम्ही काहीही केलेलं नाही.’’

म्हात्रेंनी ते ऐकून घेतले. ‘‘मंजे मी झोपलो असतो, तर माल चांगला निघाला असता?’’

‘‘हो.’’

‘‘तो दुसऱ्या पाळीचा झोपतो, म्हनून त्याचा चांगला?’’

‘‘हो.’’

म्हात्रे माझ्याकडे वळले, मी काही वेगळे सांगेन या आशेने. मी मान हलवली.

‘‘हे इथं पोरांसमोर बोलू नका, काका,’’ ते खालच्या आवाजात म्हणाले. ‘‘कुनी काम करनार नाय.’’

सर हसले. मी त्यांना कारखान्यात किंवा बाहेर असे हसताना पूर्वी पाहिले नव्हते. नवा कार्यक्रम चढला होता. यंत्रात पाणी तापत होते. म्हात्रे पेटीपुढे उभे राहिले, पण त्यांचा हात वर जाईना.

‘‘बघा ना,’’ सर म्हणाले.

म्हात्रेंनी बोट लावले. पडदा उजळला: ऐंशी. त्यांनी पडदा काळा होऊ दिला आणि पुन्हा लावले. ऐंशी. सर त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. पुन्हा काळा, पुन्हा ऐंशी. माझे काम संपले होते, लॅपटॉप पिशवीत गेला होता. मी ‘‘निघू या, सर’’ म्हटले. दोघांपैकी कोणी वळले नाही.

‘‘थांबा, एकदा आजून,’’ म्हात्रे म्हणाले.

ऐंशी.